मागचा टायर : वरीलप्रमाणे

मोटरसायकलचे टायर बदलावेत असं मला एका मंगळवारी दुपारी वाटलं आणि डबा खाता खाता मी ते मोठ्यानं बोललो. चूक तिथेच झाली. मनातल्या मनात बोललो असतो तर पुढचा सगळा गोंधळ टळला असता आणि आज माझ्या पाठीत जी उसण भरलेली आहे तीही टळली असती. पण ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर भोंगा बसतो. हे काही त्याचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावानं हाक मारली तर आता तो स्वतःही वळून बघत नाही. मोटरसायकल या विषयावर त्याचा शब्द आमच्या ऑफिसात शेवटचा. (त्याच्याकडे मोटरसायकल नाही. हेल्मेट आहे.)

"टायर?" भोंग्यानं घास तोंडाशी थांबवला. "कसले पाहिजेत?"

"काळे," मी म्हणालो.

"अरे शहाण्या, रोडचे, ऑफ-रोडचे, का मधले? रस्ता कसला आहे?"

"रस्ता असा नाहीच. मोठमोठे दगड आहेत आणि आपण त्यांच्या मधून जायचं असतं."

"मग तुला ऑफ-रोडच पाहिजेत!" भोंगा गरजला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लेखा शाखेलाही कळलं की मला ऑफ-रोडच पाहिजेत.

हा दगडांचा रस्ता माझ्या बायकोच्या मावशीकडे जातो. मावशी म्हणजे तिची आईच म्हणा, लहानपणापासून तिनंच वाढवलं. मावशीनं जन्मभर डोंगरावरच्या एका छोट्या हवामान ठाण्यात वारा आणि पाऊस मोजला. निवृत्त झाल्यावरही ती तिथल्याच एका खोलीत राहिली, कारण खाली आमच्याकडे म्हणे हवा नीट येत नाही. सोबतीला एक बाई असतात. पूर्वी वरपर्यंत जीप जायची. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि शेवटचे सहा किलोमीटर फक्त पायी किंवा दुचाकीवर जाण्याजोगे उरले. तेव्हापासून आमच्या भेटी फोनवरच होत होत्या.

आणि त्या मंगळवारच्या आदल्याच आठवड्यात मावशीनं फोनवर विचारलं, "कोण बोलतंय?"

"मावशी, मी चिमी."

"कोण चिमी?"

मग दोन मिनिटांनी तिला आठवलं, ती हसली, म्हणाली, अगं वयच झालं आता माझं. बायकोही हसली. फोन ठेवला आणि तिनं एकच वाळलेला टॉवेल चार वेळा उलगडून चार वेळा घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, आपल्याला जायला हवं. ती मला पुरती विसरायच्या आत."

आता सांगा, अशा वेळी नवऱ्यानं काय करावं? गाडीला किक मारावी आणि निघावं. मी ठरवलं की टायर बदलावेत.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं हो. तिला मागे बसवून त्या दगडांवरून न्यायचं, आमचे टायर झिजून पार गुळगुळीत झालेले. मला भीती वाटली. (स्वतःसाठी नाही. बरं, स्वतःसाठीसुद्धा.) त्यात आमची चाकं ट्यूबलेस. आमच्या गाडीला तारांची चाकं आहेत, आणि तारांच्या चाकात एरवी ट्यूब असते, कारण तारा जिथे रिममध्ये अडकवलेल्या असतात त्या भोकांतून हवा निसटते. पण गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी ती भोकं आतून चिकट पट्टीनं बंद करून दिली होती. "आता काटा घुसला तर चाक खोलायला नको," काका म्हणाले होते, "भोकात रबराची वात खुपसायची, हवा भरायची, चालू लागायचं." त्यांनी मला वात आणि ती खुपसायचं हत्यारही दिलं होतं. मी मान डोलावली होती. मी तोवर सुईत दोरासुद्धा एका दमात ओवला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तर टायर ट्यूबलेसच हवेत, इथपर्यंत ठीक होतं. पुढे भोंग्यानं मला ज्ञान दिलं.

"ऐंशी-वीस म्हणजे ऐंशी टक्के डांबर, वीस टक्के दगड. पन्नास-पन्नास म्हणजे निम्मं निम्मं. आणि मोठ्या गाठींचा असतो तो निव्वळ चिखल-दगडाचा. तो डांबरावर पळवलास तर कवळीसुद्धा बाहेर येईल. तुझं प्रमाण काय?"

मी कागद घेतला. बेचाळीस किलोमीटर डांबर, सहा किलोमीटर दगड. साडेसत्याऐंशी-साडेबारा. असा टायर कोणी करत नाही.

"किलोमीटर नाही रे, वेळ धर," भोंगा म्हणाला.

वेळ धरला तर डांबराला एक तास आणि दगडांना दोन. तेहतीस-सदुसष्ट. हाही कोणी करत नाही. मग मी मनाशी भीती धरून बघितली. एकूण प्रवासात मला जी भीती वाटणार, तिच्यातली पंचाण्णव टक्के त्या सहा किलोमीटरांत वाटणार होती. म्हणजे गाठीचाच टायर हवा. एका गाडीची अशी तीन उत्तरं आली.

तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस अशा वेळी एकच गोष्ट करतो. फाईल उघडतो. घरी आल्यावर मी एक जुनं फोल्डर शोधलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : घरगुती दुचाकीस खडकाळ रस्त्याचे टायर बसविणेबाबत'. आत तीन पानी टिपणी, तुलनात्मक तक्ता, आणि शेवटी 'मान्यतेस्तव सादर'. फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. वर चहाच्या कपाचा गोल डाग आणि खाली बायकोच्या अक्षरात एक शब्द : 'पाहिले.'

ज्यांनी ऑफिसात दिवस काढलेत त्यांना ठाऊक असेल, 'पाहिले' म्हणजे 'मान्य' नव्हे. 'पाहिले' याचा अर्थ डोळे उघडे होते आणि कागद समोरून गेला. मी आणखी माहिती जोडून फाईल पुन्हा ठेवली. या खेपेला शेरा आला, 'चर्चा करावी.'

आम्ही चर्चा केली.

"अहो, कुठलाही घ्या आणि जाऊ या."

"कुठलाही कसा? उद्या चढावर चाक घसरलं तर जबाबदारी कोणाची?"

"तुमची."

"म्हणूनच तर म्हणतो, घाई नको."

असे दोन रविवार गेले. मी जेवणाच्या सुट्टीत लोकांची मतं वाचायचो. कोणी म्हणायचा हाच टायर उत्तम, त्याच्याखाली दुसरा म्हणायचा यासारखा टाकाऊ टायर जन्मात पाहिला नाही, आणि दोघांचंही मला पटायचं. भोंगा रोज नवीन मुद्दा काढायचा. फाईल आता एवढी जाड झाली होती की तिला दोरी बांधावी लागली.

तिसऱ्या आठवड्यात बायकोनं मावशीला फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो. मावशीनं अगदी नम्रपणे विचारलं, "आपलं कोणाकडे काम आहे?"

या वेळी दोन मिनिटांनीही तिला आठवलं नाही. बायकोनं "काही नाही, सहज केला होता" असं म्हणून फोन ठेवला. मग टेबलापाशी आली, फाईलची दोरी सोडली, पेन उघडलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं : 'मावशी विसरत चालली आहे. आपण निवडत बसला आहात. येत्या रविवारी मी जाणार. टायर असोत नसोत.'

माझ्या नोकरीत मी कडक साहेबांचे कडक शेरे पुष्कळ खाल्लेत. पण तो शेरा वाचून मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. आपण बायकोच्या काळजीपोटी सगळं करतोय अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, आणि तिचे दोन रविवार मी असे खाऊन टाकले होते. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिथल्या तिथे, मोठे साहेब घेतात तसा डोळे मिटून निर्णय घेतला. पन्नास-पन्नास. ट्यूबलेस. विषय संपला.

लगेच दुकानाचा मागणीचा फॉर्म भरायला घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं : पुढचा टायर, अठरा इंची, पन्नास-पन्नास, ट्यूबलेस, नग एक. दुसऱ्या ओळीत लिहिलं, मागचा टायर, आणि पुढे माझ्या हातानं मेंदूला न विचारता तीस वर्षांच्या सवयीनं लिहून टाकलं : वरीलप्रमाणे.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो, जी त्या क्षणी मला कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आमच्या गाडीचं पुढचं चाक अठरा इंची आहे आणि मागचं सतरा. मला म्हणायचं होतं की बनावट वरीलप्रमाणे, नक्षी वरीलप्रमाणे, ट्यूबलेस वरीलप्रमाणे. पण फॉर्मला आपल्या पोटातलं काय कळणार?

बरं, दुकानदार बिचारा भला माणूस. त्यानं फोन केला.

"साहेब, मागचापण वरीलप्रमाणेच पाठवू?"

माझा स्वाभिमान दुखावला. तीस वर्षांत माझ्या मसुद्यावर कोणी प्रश्न विचारला नव्हता.

"वाचता येतं ना तुम्हाला? वरीलप्रमाणे म्हणजे वरीलप्रमाणे!"

"नाही, म्हणजे सगळंच?"

"सगळं! अक्षरन् अक्षर!"

"बरं साहेब," तो म्हणाला, आणि त्यानं माझं अक्षरन् अक्षर पाळलं.

टायर शनिवारी सकाळी आले. मी धावतच पंक्चरवाल्या काकांकडे गेलो, तर दुकानाला कुलूप आणि खडूनं लिहिलेली पाटी : 'काम आहे. संध्याकाळी येतो.' भोंग्याला फोन केला.

"काकाबिका कशाला पाहिजेत? घरी बसव!" भोंगा म्हणाला. (फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळं ऐकू येत होतं.) "ट्यूबलेस बसवायला लागतं काय? साबणाचं पाणी आणि हवा. टायरच्या कडा रिमला जाऊन भिडल्या की दोन्ही बाजूंनी टॉक, टॉक असा आवाज येतो. आवाज आला की समजायचं, बसला."

अवघड काम आधी उरकावं म्हणून मी मागचं चाक खोललं आणि दोन मजले चढवून बाल्कनीत आणलं. जुना टायर रिमला जो चिकटून बसला होता तो सुटेना, म्हणून त्याच्यावर उभा राहून उड्या मारल्या. माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलं. खालच्या बिऱ्हाडातून दोनदा काठीनं छत ठोकलं गेलं. मला ते प्रोत्साहनच वाटलं.

नवा टायर मात्र काय चढला म्हणता! पंक्चरवाले काका दोन-दोन पहारी लावून, दातओठ खाऊन अर्धा तास झटतात. माझा टायर नुसत्या हातांनी दोन मिनिटांत चढला. म्हटलं, आपल्या हातात कला आहे. उगाच आयुष्य कारकुनीत घालवलं.

मग हवा भरायला घेतली. पायपंपाचे शंभर दणके मारले. हवा एका बाजूनं आत जायची आणि चारही बाजूंनी बाहेर यायची. साबणाचं पाणी लावलं. फेस झाला, टायर बसला नाही. साबण कमी पडला असेल म्हणून बायकोचा शाम्पू घेतला. आणखी सुवासिक फेस झाला. मग टायरला भोवती आवळून धरावं म्हणून कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि ती त्याच्या अंगाभोवती करकचून बांधली. एक कड बसल्यासारखी व्हायची, तोवर दुसरी सुटायची. बाराचा सुमार झाला, मी घामानं आणि शाम्पूनं निथळत होतो.

इतक्यात आतून बायकोचा आवाज आला.

"बसला? पुरता बसला का?"

मला भरून आलं. तीन आठवड्यांत तिनं टायरची ही पहिलीच चौकशी केली होती.

"कुठला बसतोय! एकीकडून बसतो, दुसरीकडून सुटतो," मी ओरडलो.

"कधीपासून?"

"दहा वाजल्यापासून!"

"मग असं करा, गरम पाणी घ्या. सोसेल एवढं गरम. चिमूट-दोन चिमूट मीठ टाका."

मी चमकलो. गरम पाणी एक वेळ समजू शकतो, रबर नरम पडत असेल. पण मीठ? मग आठवलं, बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली आहे. आपण वीस जणांची मतं वाचत बसलो आणि घरातल्या तज्ज्ञाला विचारलंच नाही!

"किती वेळा?" मी विचारलं.

"दिवसातून तीनदा तरी."

"आज दिवसभरात बसला पाहिजे पण!"

"आणि मुख्य म्हणजे अजिबात बोलायचं नाही. बोलल्यामुळेच झालंय हे."

हे जरा लागलं मला. पण खोटं नव्हतं. त्या मंगळवारी मी गप्प बसलो असतो तर भोंगा कशाला मध्ये पडला असता? मी निमूटपणे स्वयंपाकघरात गेलो, पातेलंभर पाणी तापवलं, मीठ घातलं, चमच्यानं हलवलं, आणि बाल्कनीत येऊन टायरवर गोल गोल ओतायला लागलो. पाठमोरी उभी असलेली बायको अजून सूचना देतच होती.

"हां, आणि मान चांगली मागे टाकून. पाणी घशात खुळखुळलं पाहिजे."

मी ओतता ओतता थांबलो. टायर नीट निरखून पाहिला. मान कुठे असावी याचा अंदाज येईना.

"अगं, कोणाची मान?"

बायको वळली. तिच्या कानाला फोन होता. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात मिठाचा डबा, समोर दोरीनं बांधलेला फेसाळलेला टायर आणि वाफेत उभा नवरा, असं दृश्य तिनं पाहिलं. फोनमध्ये म्हणाली, "बाई, मी नंतर करते." मग माझ्याकडे बघून, "हे काय चाललंय?"

"मीठ-पाणी. तूच सांगितलंस. दिवसातून तीनदा."

"अहो, मावशीचा घसा बसलाय! तिच्या सोबतीच्या बाईंना सांगत होते मी! गुळण्या करायला!"

मग ती जी हसायला लागली, ती उंबऱ्यावरच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आता ते हसण्याचं नाही.

"कोणाशी तरी खूप बोलत होती म्हणे परवा. भिंतीशीच. बोलून बोलून घसा बसवून घेतला," ती म्हणाली. "आधी मी कोण ते आठवेना. आता आवाजही ऐकू येत नाही. फोनवर नुसता श्वास येत होता."

मी पातेलं खाली ठेवून तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, "उद्या जायचं. हा बसो न बसो. नुसत्या रिमवर न्यावं लागलं तरी नेतो तुला."

"आधी ते मीठ धुवा," ती डोळे पुसत म्हणाली, "रिम गंजेल."

संध्याकाळी पंक्चरवाले काका आले. मी दोन्ही नवे टायर, चाक आणि जुना टायर असं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. काकांनी चष्मा वर केला, टायरच्या कडेवरचे आकडे वाचले, दुसऱ्या टायरचे वाचले.

"साहेब, हे दोन्ही पुढचे आहेत. अठराचे. मागचं चाक सतराचं आहे तुमचं."

"पण चढला तर पटकन!"

"चढणारच. लहान पोराला बापाची चप्पल पटकनच चढते. चालता येतं का?" मग त्यांनी रिमवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "हे पांढरं काय? मीठ आहे?"

मी शटरच्या रंगाकडे बघत राहिलो. काकांनी पुढे विचारलं नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे.

सतराचा टायर आता मिळणार नव्हता. काकांनी मागे जुनाच टायर परत चढवला आणि पुढे नवा. हवेची नळी लावली मात्र, टॉक! टॉक! दोन खणखणीत आवाज झाले.

"बसला की असा बोलतो," काका म्हणाले. "बोलला नाही म्हणजे समजायचं, बसला नाही."

घशाचं नेमकं उलटं असतं, असं माझ्या मनात आलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पुढचं चाक नवंकोरं, खोल खाचांचं, कुठल्याही डोंगराला तयार. मागचं गुळगुळीत, घरी बसायला उत्सुक. बेचाळीस किलोमीटर डांबर दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. दगड सुरू झाले तशी त्यांची फारकत झाली. पुढचं चाक धोंड्यावर चढायचं आणि मागचं तिथेच खाली गरगर फिरून माझ्या बायकोच्या अंगावर माती उडवायचं. पहिल्या चढाला ती उतरली. दुसऱ्या चढाला ती ढकलायला लागली. तिसऱ्या चढाला मी गाडीसकट सावकाश आडवा झालो, इतक्या सावकाश की आडवं होता होता मला तिच्याशी बोलता आलं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो, आणि मग लागलं.

मागून एक दूधवाला आला. गाडीला दोन्हीकडे कॅन, टायरवर नक्षी नावाला नाही. "जरा सरकता का?" म्हणाला आणि एका हातानं घाम पुसत वर निघून गेला. रोज जातो म्हणे. (फाईलमध्ये मी सगळ्यांची मतं घेतली होती. त्याचं राहून गेलं.)

अर्ध्या वाटेवर मागचं चाक बसलं. म्हणजे खरंच बसलं, हवा जाऊन. एवढा मोठा खिळा घुसला होता. बायको रस्त्याकडेच्या दगडावर टेकली आणि घड्याळाकडे बघायला लागली. अजून तीन किलोमीटर चढ होता. तिचा चेहरा बघून माझ्या हाताला कुठून बळ आलं कोण जाणे. मी खिळा उपटला, काकांनी दिलेलं हत्यार काढलं, रबराची वात त्यात ओवली (एका दमात!) आणि सगळा जोर लावून भोकात खुपसली. पायपंपानं हवा भरली. टिकली! चाक खोलावं लागलं नाही, काही नाही. पंधरा मिनिटांत गाडी उभी.

"जमलं की हो तुम्हाला!" बायको म्हणाली. लग्नानंतर हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. कोपरापर्यंत काळा झालो होतो, कपाळावर चिखल होता, शर्ट एका बाहीला फाटला होता, पण उरलेले तीन किलोमीटर मी तरंगतच गेलो.

मावशी पडवीत खुर्चीवर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. बायको उतरली आणि चार पावलांवर थबकली. एवढ्या लांबून धडपडत आली आणि आता तिचा पाय पुढे पडेना. मला कळत होतं ती कशाला घाबरली होती.

मावशीनं डोळे बारीक करून बघितलं. मग त्या बसलेल्या घशातून, खरखरीत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चिमे, किती उशीर गं! आणि माती कसली माखलीस अंगाला?"

बायकोनं जाऊन तिच्या मांडीत डोकं घातलं. मावशी तिचे मातीचे केस विंचरल्यासारखी बोटांनी सोडवत राहिली. मी गाडी उगाचच तीनदा स्टँडवर लावली.

थोड्या वेळानं मावशीचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आणि तू रे बाबा, लांब का उभा? ये, हात धू तिकडे. या रस्त्यानं आणलंस हिला? शाबास हो!"

"मावशी, अगं हे..." बायको घाईनं सांगायला गेली. मी तिला खुणेनं नको म्हटलं. जेवढं आठवलं होतं तेवढं पुष्कळ होतं, त्यात आणखी भर कशाला?

"आणि जावईबापू?" मावशीनं विचारलं. "ते नाही आले?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "यायचे होते गं. पण त्यांचं अजून टायर निवडणं चाललंय."

मावशी आवाज न करता हसली, नुसते खांदे हलले. "तसेच आहेत ते. माणूस लाख मोलाचा, पण त्यांच्या भरवशावर राहिलीस तर आपली भेट व्हायची नाही. तू आपली ह्याच्याबरोबर येत जा."

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. कधी तिला चिमी लगेच आठवते, कधी वेळ लागतो, पण आठवते. मी मात्र मोटरसायकलवालाच आहे, आणि माझ्यावर मावशीचा फार जीव आहे. गेल्या खेपेला बायको आत चहा करत होती तेव्हा मावशीनं मला जवळ बोलावलं, मनगट घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "तू फार गुणाचा आहेस रे. हिला आधी तुझ्यासारखा कोणी भेटला असता तर... पण हे तिच्या नवऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं. बिचारा साधा आहे, मनाला लावून घेईल."

मी तिला शब्द दिला आहे. तेव्हा तुम्हीही कृपा करून त्याला काही बोलू नका.